खो कुणाला द्यायचा?

खेळामुळे मुलांमध्ये एकी वाढते, असं दर गॅदरिंगला कुणीतरी पाहुणा माईकवर सांगतो. मी समोर बसून टाळ्या वाजवते. येडगावच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मी मुलींना खो-खो शिकवते. मैदानावरची धूळ अंघोळ केली की जाते. हे किस्से मात्र साठतच चाललेत!

माझ्या संघात हुकमी पोरी दोनच, प्रांजल आणि दीक्षा. एका मॅचला प्रांजल पाठलाग करत होती. समोरची पळणारी नेमकी दीक्षाच्या पुढ्यात आली. दीक्षाला खो दिला, की गडी बाद! प्रांजल तिच्या पाठीमागून तशीच पुढे निघून गेली. गडी सुटला. मॅचही गेली.

"दीक्षाला खो का नाही दिलास?"

"मॅडम, गडी तिच्या नावावर लागला असता ना!"

प्रांजलचे वडील टोमॅटोचा टेम्पो मैदानाच्या कडेला लावून मॅच बघतात. एकदा आम्ही सडकून हरलो. पोरी घळाघळा रडतायत, आणि हे खुशीत माझ्याकडे आले.

"मॅडम, आपली प्रांजल त्या दीक्षापेक्षा जास्त पळाली का न्हाई?"

"पळाली की. पण भाऊ, आपण हरलो ना."

"त्ये व्हतंच राव! पण पळाली ना?"

सानिया आमची राखीव खेळाडू. बेल्ह्याहून एसटीनं येते, सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर, पण नशिबी बाकडं. एका मॅचला दीक्षा लंगडत बाहेर आली. मी तिच्या घोट्यावर स्प्रे मारतेय, तोवर सानिया बुटाच्या नाड्या आवळून तयार!

मी चिडले. "अगं, तिला किती लागलंय ते तरी विचार!"

सानिया वाकली, दीक्षाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाली, "उद्याबी दुखंल ना गं?"

तालुक्याच्या स्पर्धेआधी मी सगळ्यांना ओझरला दर्शनाला नेलं. म्हटलं, गणपतीसमोर तरी एकत्र उभ्या राहतील. परत आलो आणि प्रांजल तापानं फणफणली. दीक्षा रडतच माझ्याकडे आली.

"मॅडम, माझ्यामुळं झालं. मीच बाप्पाला म्हणले व्हते, प्रांजलला ताप येऊ दे."

मी तिला घेऊन प्रांजलच्या घरी गेले, माफी मागायला लावली. प्रांजलनं गोधडीतून तोंड बाहेर काढलं.

"रडू नको गं. मीबी तुझ्यासाठी तेच मागितलं व्हतं. तुझं आधी ऐकलं त्यानं!"

दोघी खिदळल्या. मला काही हसू आलं नाही.

मग जिल्ह्याच्या संघाची निवडचाचणी झाली, मंचरला. या दोघींपैकी एकच जाणार, हे आधीच कळलं होतं. जी जाईल तिला पुढं स्पोर्ट्स हॉस्टेलची संधी. शेवटच्या फेरीत दोघी विरुद्ध संघांत; दीक्षा पळत होती, प्रांजल तिच्या मागे. खांबाजवळ दीक्षा घसरली आणि खाली आली. प्रांजलनं नुसतं वाकायचं होतं.

ती वाकली नाही. हात मागे घेऊन उभी राहिली. शिट्टी वाजली, दीक्षा नाबाद!

निवड करणारे सर धावत आले. "हात का नाही लावलास?"

"सर, ती पडलीये," प्रांजल म्हणाली.

दीक्षाची निवड झाली. प्रांजलचे वडील तडक मैदानात आले. तिला टेम्पोत बसवलं आणि घेऊन गेले.

परतीच्या एसटीत दीक्षा माझ्या शेजारी खिडकीला बसली होती. मी तिचा गुडघा बघायला घेतला. साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

"नशीब. एवढी पडलीस, पण लागलं नाही कुठं!"

"पडले कुठं मॅडम? बसले मी." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "प्रांजल व्हती ना मागं. ती पडलेल्याला हात लावणार न्हाई, मला म्हाईत व्हतं."