पोह्यांतले शेंगदाणे

मी आज वैद्यकीय महाविद्यालयात आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे, सुमनताईमुळे. दहावीपर्यंत माझा अभ्यास तिनेच घेतला.

काल मेसमध्ये माझा वर्गमित्र नितीन पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला ठेवत होता. शेंगदाण्यांनी मुरूम येतात याला आधार नाही, हे परवा वर्गात त्यानेच सांगितलं होतं.

"मग हे काय?" मी विचारलं.

"ते पेपरात लिहायला. शनिवारी बहिणीचं लग्न आहे बाबा, उगाच जोखीम नको."

सगळे हसले. मला ताई आठवत राहिली. तिच्या गालांवर मुरूम होते तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष तिच्या ताटावर असायचं. "परत शेंगदाण्याची चटणी खाल्लीस ना?" असं मीसुद्धा म्हणायचो. ती ताटावरून उठायची आणि गाल लाल होईपर्यंत साबणाने घासायची. आज जे मला ठाऊक आहे, ते तेव्हा तिला सांगणारं कुणी नव्हतं.

मेसमधून येऊन मी तिला पत्र लिहिलं:

"ताई, मुरूम त्या वयात येतातच. तुझं काही चुकलं नव्हतं, आमचं चुकलं. फोटो काढताना तू दाराआड जायचीस, म्हणून तुझा तेव्हाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आताचा एक पाठव. समोरून काढलेला."