अठरा शस्त्रं खाली ठेवताना

त्या संध्याकाळी मी देवीवर मनापासून चिडलो होतो, हे आधीच कबूल करतो. देवीवर, देवळातल्या अक्कावर आणि सगळ्यात जास्त पोथी रचणाऱ्या कवीवर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात चैत्राच्या नवरात्रात देवीची पोथी वाचतात. गावातल्याच कुणा जुन्या भक्ताने ती ओव्यांत रचली आणि हाताने लिहून ठेवली. अक्षर किचकट, म्हणून वाचायचं काम मास्तर या नात्याने माझ्या गळ्यात पडलं. मी विज्ञान शिकवणारा माणूस. युद्धाच्या अध्यायात माझं डोकंच उठायचं. देवी अठरा हातांत अठरा शस्त्रं घेते, त्याच्या अठरा ओव्या. तिचा राखणदार रणात मरून पडतो. मग ती तीच शस्त्रं एकेक करून खाली ठेवते, त्याच्या पुन्हा अठरा! तेव्हा कुठे ती त्याला उचलते आणि तो उठून बसतो. तो उठेपर्यंत देवळातल्या कोणी जागचं हलायचं नाही, असा गावाचा दंडक.

त्या दिवशी राखणदार नुकताच पडला होता, आणि दोंडाईचाहून सायकलवर निरोप आला. माझा धाकटा भाऊ धुळ्यात मोटारसायकलवरून पडला होता. पोटात रक्तस्राव, तातडीचं ऑपरेशन, आणि त्याच्या गटाचं रक्त मिळत नव्हतं. आम्हा दोघांचा गट एकच. धुळ्याची शेवटची बस अर्ध्या तासात होती. मी पोथी मिटायला हात घातला. देवळाची झाडलोट करणारी सत्तरीची अक्का पुढ्यातच बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, त्याले आसा पडेल सोडीसन ऊठू नको."

खरं तर मी उठून जायला हवं होतं. पण आपला भाऊ तिकडे पडलेला असताना पोथीतल्याला तसाच टाकून जायची माझी छाती झाली नाही. मी धडाधड वाचू लागलो आणि शस्त्रं ठेवायच्या ओव्या गाळून सरळ शेवटावर उडी मारली. अक्काला अक्षरओळख नव्हती, पण पोथी तोंडपाठ. "बठ्ठ्या ओव्या सोडी दिध्या तू! तिना हात रिकामा नई व्हयनात, त्याले उचली कशी?" झालं, पुन्हा मागे! धनुष्य ठेवलं, गदा ठेवली. नवव्या शस्त्राला फाट्यावर बस थांबल्याचा आणि निघून गेल्याचा आवाज आला. रागाने माझा आवाज चिरकला. भाऊ मरणाच्या दारात आणि मी इथे भाले-बरच्या मोजतोय! तरी वाचत राहिलो, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

राखणदार उठला, लोक उठले. दाराबाहेर एक दाढीवाला अनोळखी ड्रायव्हर उभा होता. सुक्या मिरच्यांचा ट्रक घेऊन चाललेला. विहिरीपाशी नमाज पढायला थांबला, निरोप्याकडून त्याला सगळं कळलं आणि तिथूनच पोथी ऐकत राहिला. "मास्तर, चाला. मी धुयालेच चाली ऱ्हायनू." इतका वेळ का थांबलात, असं मी विचारलं. "तो पडेल व्हता ना. तसा सोडीसन गाडी कशी काढू?" केबिन भरलेली होती, म्हणून मी मिरच्यांच्या पोत्यांवर बसलो. डोळ्यांची नुसती आग होत होती. वाटेत फुटलेलं रडू मिरचीच्या नावावर खपून गेलं.

दवाखान्यात डॉक्टर रक्तासाठीच खोळंबले होते. हातात सुई गेली. थोड्या वेळाने नर्स वैतागून म्हणाली, "आता मूठ सोडा हो, किती आवळून धरलीय!" फाट्यावरच्या बसचा राग मी अजून मुठीत धरून बसलो होतो. मूठ उघडली आणि त्या अठरा ओव्या मला पहिल्यांदा समजल्या. मारायला भरलेले हात चालतात, उचलायला रिकामेच लागतात. मी मनातल्या मनात अक्काची माफी मागितली.

भाऊ वाचला. बस मिळाली असती तरी वाचला असता, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. ती बस माझ्याआधीच सुखरूप धुळ्याला पोचली होती. त्या ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून दर चैत्रात बिननावानेच त्याच्यासाठी हात जोडतो. अक्का गेली. सुटलेली ओवी पकडणारं आता कोणी नाही. भाऊ पुढ्यात बसून जांभया देतो, 'दादा, आवर की' अशी खूण करतो. मी वैतागतो, कवीला मनात दोन शब्द सुनावतो, आणि अठराच्या अठरा ओव्या वाचतो.