डीबग चालू केलं की बग गायब

मंडळी, आज खरंच हात टेकले.

राधानगरीजवळच्या एका दूध डेअरीत आम्ही बनवलेलं दूध तपासायचं मशीन आहे. ते मधेच गोठतं आणि माणसं किटल्या घेऊन ताटकळतात. आज सकाळी जाऊन त्याच्या कर्नलमधले (मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधले) डीबगचे, चूक शोधायचे पर्याय चालू केले, म्हणजे कुठं अडकतंय ते मशीनच लिहून ठेवेल.

दोन तास एकदाही अडकलं नाही.

डीबग बंद केलं, तर तिसऱ्याच किटलीला गोठलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा शहाण्यासारखं! लिहिण्याच्या नादात कर्नल जरा हळू होतो, आणि तेवढ्यानं माझ्या प्रोग्राममधली चूक लपते.

डेअरीचे सेक्रेटरी म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे की ते चालूच."

"अहो, लिहून लिहून आठवड्यात मशीनमधली जागा भरंल. मग कायमचंच बसंल."

"आठवडा तर चालंल की, पावणं!"

मी ते चालूच ठेवलं. 'काम पूर्ण' म्हणून सही घेतली आणि कोल्हापूरला परत आलो.

तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? सातव्या दिवशी फोन उचललात?