मागचीच ओळ

संध्याकाळी आर्वीच्या स्टँडवर वर्ध्याच्या गाडीची वाट पाहताना ते म्हातारं जोडपं मला रोज दिसायचं. म्हातारा खंजिरी वाजवत भजनाची ओळ म्हणायचा आणि म्हातारी टाळ वाजवत तीच ओळ मागून म्हणायची, म्हणजे झील धरायची. पण मधेच ती एखाद्या ओळीवर अडून बसे आणि तीच ती घोळवत राही. आधीच गाडीला उशीर, त्यात हे! शेवटी म्हातारा चहा आणायला गेला तेव्हा मी विचारलंच, "आजी, पुढचं येत नाही का तुम्हाला?"

"मले सारं येते बाबू," चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहत ती हळूच म्हणाली. "यायलेच आजकाल आठवत नाई. आठवेपर्यंत मी मांगचीच ओळ म्हनत राह्यतो."

"मग पुढची तुम्हीच सांगून टाका ना."

"मी सांगतली, तं यायचं गानं सरलं न."

चहा झाला, खंजिरी पुन्हा सुरू झाली आणि एका कडव्यात म्हातारा थबकला. त्याच्याकडे न पाहता तिनं मागची ओळ धरली. तेवढ्यात माझी गाडी लागली. जागा पकडायला धावायचं सोडून मी तिच्याबरोबर मागचीच ओळ म्हणत उभा राहिलो.