श्टेलेचं झाडणयंत्र आणि रोझिनाची खोली

माझा भाऊ ट्राउगोट श्टेले इंजिनिअर होता, आणि हे त्यानं कुणाला विसरू दिलं नाही. घरातली कॉफीची चक्की त्यानं तीनदा सुधारली. तिसऱ्या खेपेला तिचं झाकण उडून छतात रुतलं. पण त्याचे पंप साऱ्या वुर्टेमबेर्ग प्रांतात चालायचे, त्यामुळे मी तोंड मिटून होते. लग्न केलं नाही पठ्ठ्यानं. घर मीच सांभाळलं. त्याचे फाटके मोजे मी रफू करायचे आणि नवे तो वाटून टाकायचा.

नेकार नदीच्या काठी आमच्या गावात त्यानं विधवांसाठी बारा खोल्यांचं घर बांधलं आणि किल्ल्या पंचांच्या हवाली केल्या. "दिलं म्हणजे दिलं, फ्रीडा. ख्रिस्ताच्या नावानं दिलंय, आता तिथे माझा शब्द नको." मोठा आला संत!

तिथली कारभारीण हाउगबाई. भारी फटकळ. शनिवारी जिच्या दारावर झाडलोटीच्या पाळीची पाटी, तिनं जिना आणि आपल्या हद्दीतला रस्ता झाडायचा. दुसरीच्या पाळीत कुणी हात घालायचा नाही, कारण तसं करणं म्हणजे तिला चारचौघांत आळशी म्हणणं.

आणि रोझिना क्युब्लरचा उजवा हात सूतगिरणीत गेलेला. तिच्या पाळीला जिन्यावर कचरा राहायचा. शेवटी हाउगबाईनं तंबी दिली, "पुढच्या पाळीला जिना लख्ख दिसला नाही, तर खोली सोडायची." खोली सुटली की गावाबाहेरचा कंगालांचा गरीबखाना. रोझिना सुकून चालली.

मी हे ट्राउगोटला सांगितलं मात्र, गडी फूटपट्टी घेऊन पळाला. जिना मोजला, पायऱ्या मोजल्या, रोझिनाचा उरलेला हातसुद्धा मोजला. मग तीन आठवडे कारखान्यात. मसुराची आमटी निवून जायची, मी ओरडून थकायचे.

यंत्र झालं. किल्ली दिली की गोल ब्रश फिरायचा, कचरा आपोआप पेटीत. शनिवारी अख्खी गल्ली बघायला लोटली. यंत्र जिना उतरलं, काय ऐटीत उतरलं! कोपऱ्यांतला कचरा मात्र तिथेच. रस्त्यावर आलं, रोझिनाची हद्द झाडली, आणि थांबेचना. सरळ हाउगबाईच्या दारापुढे जाऊन तिची हद्दही खरवडून काढली.

झालं! दुसऱ्याची हद्द झाडणं म्हणजे भर रस्त्यात त्याला घाणेरडा म्हणणं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त माझ्या भावाला नाही.

"माझं दार घाण आहे का हो, श्टेलेसाहेब?" हाउगबाई लालबुंद झाली. "आणि जिना तसाच! सोमवारी रोझिनाची खोली रिकामी!"

ट्राउगोट यंत्रामागे धावत होता. शेवटी ते गटारात पडलं तेव्हा थांबलं. "स्प्रिंग जरा जास्त झाली," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापर्यंत—"

"साहेब, पुढचा महिना कुठला आलाय मला!" रोझिनाचा आवाज फुटला. "झाडू मी बगलेत धरून मारते की. सुपली धरायला हात नाही, एवढंच आहे माझं. कुणी सुपली धरली असती तर झालं असतं."

"मग बाई, आधी नाही का सांगायचंस?"

"विचारलंत कधी? तुम्ही माप घेऊन गेलात."

मग माझ्या भावानं रविवारचा कोट काढून माझ्या हातात दिला, सुपली उचलली आणि वरच्या पायरीवर गुडघे टेकले.

"साहेब, उठा!" हाउगबाई किंचाळली. "दुसरीच्या पाळीत हात घालायचा नसतो."

"मी कुठे झाडतोय? तीच झाडतेय. झाड गं, रोझिना."

ती रडत रडत झाडत होती आणि तो एकेक पायरी गुडघ्यांवर उतरत होता. गल्लीत कुणी हसलं नाही. जिना लख्ख झाला. हाउगबाईनं पायऱ्यांवरून बोट फिरवलं आणि आत गेली. खोली राहिली.

पुढे अकरा वर्षं रोझिनाच्या पाळीला त्याचा शनिवार ठरलेला. गुडघ्यांची पार वाट लागली. मी शिव्या घालायचे आणि रात्री तेल चोळायचे.

मार्चमध्ये तो गेला. त्याच आठवड्यात रोझिनाच्या दारावर पाटी आली. मी सुपली घेऊन निघाले, डोळे पुसत पोहोचले, तर हाउगबाई वरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती. "उशीर केलात, फ्रीडाबाई," ती म्हणाली, आणि सुपली रोझिनाच्या झाडूपुढे सरकवली.