पखवाजाचा डावा हात

दादा गेल्यावर त्याचे कपडे मी लवकरच देऊन टाकले, पण हॉलच्या कोपऱ्यातलं खोकं तसंच राहिलं. त्यात सबवूफर होता.

दादा माझा थोरला भाऊ. सैन्यात सिग्नलला होता. निवृत्तीनंतर कडेगावची शेती वाट्यानं लावून तो मिरजेला माझ्याकडे राहायला आला, कारण त्याला डायलिसिस सुरू झालं होतं आणि मी इथल्याच एका हॉस्पिटलात सिस्टर होते. त्यानं लग्न केलं नव्हतं, माझं टिकलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

गाणं ऐकायची त्याची यंत्रं सगळी सुटी. सीडी प्लेअर वेगळा, आवाज कमीजास्त करायचा प्रीअँप वेगळा, स्पीकरना ताकद देणारा पॉवर अँप वेगळा. डायलिसिसहून आला की तो पखवाजाची सीडी लावून आडवा व्हायचा आणि कुरकुरायचा, "डावा हात ऐकूच येत नाही गं. नुसती उजव्या हाताची टकटक." पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, त्यातून जो खोल आवाज निघतो तो आमच्या लहान स्पीकरांना पेलायचा नाही. म्हणून त्यानं खास खोल आवाजाचा मोठा स्पीकर, हा सबवूफर, मागवला. खोकं आलं आणि लगेच त्याला ॲडमिट करावं लागलं. जाताना म्हणाला, "आल्यावर जोडतो. तू हात लावू नकोस."

मी लावला नाही. पुढे मीही निवृत्त झाले. ड्यूटी होती तोवर घर म्हणजे झोपायची जागा होती. आता जेवण उरकलं की दुपार संपता संपायची नाही. कुणाशी बोलल्याशिवाय दिवस गेला तर संध्याकाळी भाजीवालीशी बोलताना माझाच आवाज मला ओळखू येईना. अशाच एका दुपारी मी कात्री घेऊन खोक्याशी बसले.

सबवूफर बाहेर काढला तेव्हा तो माझ्या गुडघ्याएवढा भरला. मागं भोकंच भोकं. प्रीअँपच्या मागं त्याहून जास्त. म्हणून कुंडलला फोन लावला. तिथं दादाचा पलटणीतला दोस्त राहतो. दादा असताना त्याचा दर रविवारी फोन यायचा. नंतर आम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना, आणि फोन थांबले.

"ताई?" तो म्हणाला. "समदं ठीक हाय न्हवं?"

मी सांगितलं.  मग त्याचा आवाज एकदम ड्यूटीवरचा झाला.

"आदी समद्याचे प्लग काडा. नुसतं बटन बंद करून भागत न्हाई. मग थोडं थांबा, आत करंट ऱ्हातोय."

मी प्लग काढले, थांबले. प्रीअँपमधून पॉवर अँपला गेलेली वायर तशीच ठेवायची आणि शेजारच्या मोकळ्या आउटपुटमधून लाल-पांढऱ्या पिनांची केबल सबवूफरला न्यायची, असं तो म्हणाला. मला एक मोकळी जोडी दिसली. पिना आत घालणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तिथं काय लिव्हलंय ते वाचा."

"रेक आउट."

"त्यात नगा घालू. ते टेपवर भरून घ्यायचं हाय. त्याला आवाजाची खुंटी लागू न्हाई. एकदम पुऱ्या जोरानं येईल, सबवूफर फाटंल."

त्याच्याखाली दुसरी जोडी होती, प्री आउट लिहिलेली. त्यात केबल बसवली. स्पीकरच्या जाड वायरींना हात लावायचा नाही, त्यातला करंट या बारक्या भोकांत गेला तर जळेल, हेही त्यानं बजावलं. दोन्हीकडचा आवाज शून्यावर आणून आधी प्रीअँप चालू केला, मग सबवूफर, शेवटी पॉवर अँप. बंद करताना याच्या उलट.

सबवूफर गुणगुणायला लागला. अखंड, एकसुरी.

"कुणी तरी सांगंल तिसरी पिन तोडा म्हणून," तो म्हणाला. "तोडू नगा. ती अर्थिंगची हाय."

ते मला सांगायची गरज नव्हती; वॉर्डात आम्ही तुटक्या पिनेचं मशीन पेशंटजवळ येऊ देत नसू. त्याच्या सांगण्यावरून पुन्हा सगळं बंद करून सारे प्लग एकाच बोर्डात लावले, तेव्हा गुणगुण थांबली.

पखवाज लावला. आवाज हळूहळू वाढवला आणि डावा हात आला. कानात यायच्या आधी तो तळपायांत आला. मी फोन सबवूफरजवळ धरला.

"फोनवर न्हाई येत ते," तो म्हणाला. "तिथंच ऐकाया पायजे."

"मग या की."

"येतो. ऊस जाऊ द्या कारखान्याला."

फोन ठेवल्यावर मी खाली बसून रडले. दादा गेला तेव्हा कागदपत्रांच्या धावपळीत ते राहून गेलं होतं.

दार वाजलं. तळमजल्यावर एका गृहस्थांचा तंबोऱ्यांचा कारखाना आहे, ते दारात उभे होते. माझे डोळे त्यांनी पाहिले असणार, पण तसं दाखवलं नाही.

"सिस्टर, वर काय लावलंय? खाली माझे भोपळे बोलायला लागलेत."

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. कारखान्यात वाळलेले मोठे भोपळे ओळीनं टांगले होते. "हात ठेवा," ते म्हणाले. मी एकावर तळवा टेकला. वर पखवाज चालूच होता आणि भोपळ्याची साल हाताखाली थरथरत होती, तापात पडलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

"चांगलं आहे," ते म्हणाले, "पण घोडी घासून जवारी लावताना मला तारेचा झणकार ऐकू येत नाही."

मग ठरलं, की ते दुपारी जेवायला घरी जातात तेव्हा मी लावायचं. त्यांच्या शटरचा आवाज आला की मी खुर्ची मधोमध ओढते आणि ते परत येईपर्यंत ऐकते. शेजारी दादाची खुर्ची होती, ती मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. रिकामी समोर असली की लक्ष लागत नाही.

कुंडलच्या त्या दोस्ताचा ऊस कारखान्याला गेला. मी फोन केला. गुडघे लय दुखत्यात, म्हणाला, एसटीची पायरी चढवत न्हाई. पुन्हा कधी तरी येतो म्हणाला. मी बरं म्हटलं. मग त्यानं विचारलं, "वाजतंय न्हवं नीट?"

"वाजतंय," मी म्हटलं.