आईकडून आलेला शब्द

चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासायची. भिंतीवरच्या अक्षरांवर छडी टेकवायची नि विचारायची, ‘‘हे काय? आणि हे?’’ संध्याकाळी घरी यावं, तर दोन वर्षांची चिमी नवा शब्द घेऊन हजर. मोजा, कुलूप, फडकं! सगळे काकूकडचे. काकू म्हणजे हिची थोरली जाऊ. चिमीला दिवसभर तीच सांभाळायची. शब्दांचं सोडा, ‘‘अगंबाई!’’ म्हणताना चिमी गालावर बोटसुद्धा काकूसारखंच ठेवायची. हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि बोलायला शिकवणार ही!

जाऊबाई शिकवत-बिकवत काही नव्हत्या, हे खरं. कपड्यांच्या घड्या घालताना बडबडायच्या, ‘‘हा मोजा कुठं पळाला गं?’’ आणि चिमी काही बोलली, की हातातलं काम थांबवून ऐकायच्या. पण जळणाऱ्याला हे दिसतंय कशाला!

हिनं आठवडाभर रजा काढली, चित्रांचं पुस्तक आणलं, खोलीचं दार लोटलं. चित्रावर बोट ठेवलं. ‘‘हे काय? सांग. आणि हे?’’ दुकानातली सवय, जाते कुठं! चिमीनं दोन-चार उत्तरं दिली. मग नुसतीच आईच्या चेहऱ्याकडे बघत बसली, बरोबर की चूक ते शोधत. पुढंपुढं तर तोंडात मिठाची गुळणी धरली. दाराबाहेर काकूचा आवाज आला, की मान मात्र गर्रकन वळायची. मेलीनं पोरीवर जादूच केलीय, हिला वाटायचं.

रजा संपायच्या दिवशी चिमी हत्तीच्या चित्रापुढेही गप्प राहिली, तेव्हा हिचा संयम सुटला. पुस्तक कोपऱ्यात भिरकावलं. ‘‘मरू दे!’’ म्हणाली आणि रडायलाच लागली.

चिमीचे डोळे चमकले. किती दिवसांनी आई काही विचारत नव्हती! ती तुरुतुरु गेली, पुस्तक उचललं, पुन्हा भिरकावलं. ‘‘मलू दे!’’

मग काय विचारता! पाणी सांडलं, ‘‘मलू दे!’’ चप्पल सापडेना, ‘‘मलू दे!’’ जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘अगंबाई, हे असलं कुणाकडून शिकली गं ही?’’

दुसरी कुणी असती तर शरमेनं मान खाली घातली असती. ही ताठ मानेनं पुढं झाली.

‘‘माझ्याकडून!’’